वाचकांचे प्रश्न : खाण्याचे रंग – परवानगी कशाला, किती आणि कोणत्या पदार्थात?

कोकम सरबताच्या हंगामापासून गणपतीच्या लाडवांपर्यंत, खाण्याच्या रंगांविषयीचे प्रश्न किनारपट्टीवरील वाचकांच्या पत्रांतून सातत्याने येत आहेत. त्यांतील काही प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (मालवण) : नातवासाठी आणलेल्या संत्र्याच्या स्वादाच्या सरबत पावडरीच्या पाकिटावर १०२ आणि ११० असे आकडे छापले आहेत. सूनबाई म्हणते, हे रंग युरोपात बंद आहेत, पाकीट टाकून द्या. दुकानदार म्हणतो, सरकारची परवानगी आहे, बिनधास्त द्या. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग आणि ११० म्हणजे सनसेट यलो हा नारिंगी रंग. दोन्ही कृत्रिम आहेत, पाण्यात सहज विरघळतात आणि पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार होतात. भारतात अन्नात घालण्यास परवानगी असलेले कृत्रिम रंग एकूण आठ आहेत : टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे पिवळ्या छटेचे, पॉन्सो ४आर, कार्मोइझिन आणि एरिथ्रोसिन हे लाल, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे, आणि फास्ट ग्रीन हा हिरवा. या आठांखेरीज दुसरा कोणताही कृत्रिम रंग अन्नात दिसला, तर तो बेकायदेशीर आहे.

मात्र ‘परवानगी आहे’ हे दुकानदाराचे वाक्य अर्धेच आहे. कायदा रंगाला सरसकट मोकळीक देत नाही. ठरावीक रंग, ठरावीक पदार्थात, ठरावीक प्रमाणापर्यंत, अशी ती परवानगी असते. सरबते, आइस्क्रीम, मिठाई, गोळ्या-चॉकलेटे, केक, बिस्किटे अशा पदार्थवर्गांत हे रंग चालतात आणि बहुतेक ठिकाणी खाण्यास तयार पदार्थाच्या एका किलोत सगळे कृत्रिम रंग मिळून १०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नयेत. काही फळजन्य पदार्थांसाठी ही मर्यादा २०० मिलीग्रॅमची आहे. मसाले, हळद आणि डाळी यांत कृत्रिम रंगाला थारा नाही.

सूनबाईंची माहिती पूर्ण बरोबर नसली, तरी त्यांची काळजी अनाठायी नाही. हे रंग युरोपात बंद नाहीत. २००७ साली इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक यांचे मिश्रण पेयातून दिले, तेव्हा काही मुलांची चंचलता थोडी वाढल्याचे आढळले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हा पुरावा मर्यादित मानला. परिणाम लहान होता, सर्व मुलांत सारखा नव्हता आणि मिश्रणातील नेमक्या कोणत्या घटकामुळे तो झाला हे त्यावरून सांगता येत नव्हते. तरीही २० जुलै २०१० पासून युरोपीय संघात टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन, पॉन्सो ४आर, क्विनोलिन यलो आणि अल्युरा रेड या सहा रंगांपैकी एखादा असलेल्या पदार्थावर ‘मुलांच्या वागणुकीवर आणि एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक झाले. सूचना नको म्हणून तिथल्या अनेक उत्पादकांनी हे रंगच काढून टाकले. आपल्याकडच्या पाकिटावर रंगाची नोंद असते, अशी सूचना नसते. माझ्या मते ती असायला हवी.

आता आपल्या नातवापुरता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१६ साली टार्ट्राझिनचे रोजचे स्वीकारार्ह प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलीग्रॅमपर्यंत ठरवले. युरोपीय प्राधिकरणाने ते ७.५ इतके मानले आहे. सनसेट यलोसाठी दोघांचाही आकडा ४ आहे. मूल पंधरा किलोचे असेल, तर सनसेट यलोची त्याची रोजची मर्यादा ६० मिलीग्रॅम होते. लिटरमागे १०० मिलीग्रॅम, म्हणजे कायद्याच्या टोकापर्यंत, हाच रंग घातलेले सरबत सहाशे मिलीलिटर, म्हणजे साधारण तीन पेले प्यायल्यावर ती गाठली जाईल. टार्ट्राझिनसाठी तेच दीड लिटर होईल. हे प्रमाण ठरवताना प्राण्यांवरील प्रयोगांत निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला सहसा शंभराने भागलेले असते आणि ते आयुष्यभर रोज पोटात जाईल असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली म्हणून विषबाधा होत नाही. पाकीट टाकून देण्याची गरज नाही. पण ते पाहुण्यांसाठी ठेवावे आणि नातवाच्या रोजच्या पेल्यात लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत असावे.

प्रश्न (चिपळूण) : मुलीला पिवळ्या गोळ्या खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते. रंगामुळे होत असेल का?

उत्तर : होऊ शकते, पण ते विरळा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अंदाजानुसार टार्ट्राझिनमुळे अंगावर गांधी उठण्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. गोळ्यांत स्वाद आणि इतर घटकही असतात, म्हणून कारण केवळ अंदाजाने ठरवू नये. कोणती गोळी खाल्ली, पाकिटावर कोणते क्रमांक होते आणि किती वेळाने त्रास झाला याची नोंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर मात्र नोंदी करत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

प्रश्न (कुडाळ तालुका, महिला बचत गट) : आमचा गट कोकम सरबत करतो. मुंबईचे व्यापारी म्हणतात, माल लालभडक हवा, तपकिरी झालेली बाटली विकली जात नाही. दुसरे उत्पादक रंग घालतात असे ऐकतो. आम्ही घातला तर चालेल का?

उत्तर : सरबत आणि सिरप या वर्गांत परवानगीचे कृत्रिम रंग मर्यादेत घालता येतात, त्यामुळे निव्वळ रंग घातला म्हणून गुन्हा होत नाही. पण तसे केल्यास बाटलीवर ‘परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग आहे’ अशी नोंद रंगाच्या नावासह किंवा क्रमांकासह करावी लागेल आणि ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘घरगुती पद्धतीचे’ असे शब्द त्या बाटलीवर राहू शकणार नाहीत. रंग घालून ही नोंद टाळणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार ती शिक्षेस पात्र आहे. आपल्या गटाने रंग घालू नये असे मला मनापासून वाटते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या फळाच्या नावावर आपला माल मुंबईत जातो, त्याचा रंग बाटलीतल्या पावडरीतून यावा हे त्या नावाशी जुळत नाही.

रंग टिकवण्याचे उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. कोकमाच्या सालीतला लाल रंग अँथोसायनिन या वर्गातल्या द्रव्यांचा असतो. तो आंबट रसात लाल राहतो आणि उष्णता, उजेड, हवा व लोखंडासारख्या धातूचा संपर्क यांनी तपकिरी पडतो. अर्धवट पिकलेली फळे घेतली, तर रंग मुळातच फिका निघतो. म्हणून सालीचा रंग गडद झालेली, पूर्ण पिकलेली फळेच घ्यावीत. अमृत कोकम करताना साली आणि साखर एकास दोन या प्रमाणात थरांनी बरणीत भरतात. साखर रस ओढून घेते आणि पाक उकळावा लागत नाही. ही आपल्या आज्यांची पद्धत रंगाच्या दृष्टीनेही उत्तम आहे. झटपट काम व्हावे म्हणून साली शिजवून पाक आटवला, की रंग तिथेच निम्मा जातो. काचेची, चिनीमातीची किंवा चांगल्या स्टीलची भांडी वापरावीत, लोखंडी कढई आणि ॲल्युमिनियमचे पातेले टाळावे. बाटली गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. साठा अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवावा आणि दुकानदारालाही बाटल्या उन्हातल्या फळीवर न मांडण्याची विनंती करावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात विकसित केली आहे आणि कोकम प्रक्रियेविषयी तिथे मार्गदर्शन मिळते. गटातल्या दोघी-तिघींनी तिथे जाऊन यावे.

आणि व्यापाऱ्याला एक ओळ बाटलीवरच लिहून सांगता येईल : ‘यात कोणताही रंग घातलेला नाही, काळानुसार रंग गडद किंवा तपकिरी होणे स्वाभाविक आहे.’ ग्राहक ती वाचतो.

प्रश्न (सावंतवाडी) : बाजारातले कोकम सरबत रंग घातलेले आहे की नाही, हे घरी ओळखता येते का?

उत्तर : बऱ्याच अंशी येते. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घालून पातळ केलेले सरबत घ्या आणि एका पेल्यात खाण्याचा सोडा चमचा-चमचा घालत ढवळा. फेस येईल, कारण सरबत आंबट असते. फेस येणे थांबेपर्यंत सोडा घालत राहा. रंग कोकमाचाच असेल, तर लाल छटा जाऊन ते जांभळट आणि पुढे करडे-निळसर किंवा हिरवट दिसू लागेल. कार्मोइझिन किंवा पॉन्सो घातलेले असेल, तर सोडा घालूनही लाली बहुतांशी तशीच राहील. दुसरा पेला शेजारी ठेवला म्हणजे फरक स्पष्ट कळतो.

दुसरी चाचणी पांढऱ्या लोकरीच्या धाग्याची आहे. प्रयोगशाळांतही कृत्रिम रंग वेगळे काढण्यासाठी हीच युक्ती फार पूर्वीपासून वापरली जाते. वीतभर शुद्ध लोकरीचा धागा (ॲक्रिलिकचा नव्हे) साबणाने धुऊन घ्यावा आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पातळ सरबतात दहा मिनिटे उकळावा. मग तो नळाखाली धुवावा. कृत्रिम आम्लधर्मी रंग लोकरीच्या तंतूंना घट्ट धरतो आणि धागा धुऊनही लाल राहतो. कोकमाचा रंग धाग्यावर फिका गुलाबी बसतो आणि सोड्याच्या पाण्यात बुडवताच त्याची लाली जाते.

या चाचण्यांना मर्यादा आहेत. बिटाचा रस मिसळला असेल, तर सोड्याने लाली सहजासहजी जात नाही आणि नैसर्गिक रंगावरही संशय येतो. रंग कोणता आणि किती, हे घरी कळत नाही. ते प्रयोगशाळेतच ठरते. सुट्ट्या आमसुलांच्या बाबतीत साधे पाणी पुरते : चांगले आमसूल पाण्यात हळूहळू रंग सोडते. दोन आमसुले टाकताच पेलाभर पाणी क्षणात भडक लाल झाले, तर ती घेऊ नयेत. आमसूल ही कोकमाच्याच रसात बुडवून वाळवलेली साल आहे, तिला वरून रंग लावण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : मी गणपतीत बुंदीचे लाडू ऑर्डरप्रमाणे करून देते. बाजारातून केशरी रंगाची सुटी पुडी आणून अंदाजाने चिमूटभर घालते. हे बरोबर आहे का?

उत्तर : यातल्या दोन गोष्टी आजच बदलाव्यात : सुटी पुडी आणि अंदाज.

पुडीवर नाव नसते, म्हणून आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. पिवळ्या-केशरी सुट्या रंगांत मेटॅनिल यलो सापडण्याचा धोका असतो. हा कापड आणि कागदाच्या कामाचा रंग आहे, अन्नासाठी त्याला परवानगी नाही आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले आहेत. गुलाबी रंगांत ऱ्होडामिन बी ही तशीच वस्तू आहे. त्याच कारणाने तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. दिसायला हे रंग परवानगीच्या रंगांसारखेच असतात आणि स्वस्त असतात, म्हणून ते टिकून आहेत. प्रयोगशाळेत मेटॅनिल यलो असलेल्या नमुन्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, की किरमिजी रंग येतो. हळदीलाही आम्लाने लालसरपणा येतो, पण पाणी घातल्यावर तो निघून जातो, मेटॅनिल यलोचा राहतो. घरात संडास धुण्याचे आम्ल वापरून हा प्रयोग कृपया करू नये.

म्हणून सीलबंद डबीच घ्यावी. तिच्यावर ‘फूड कलर’ हे शब्द, रंगाचे रासायनिक किंवा प्रचलित नाव, कलर इंडेक्स क्रमांक आणि उत्पादकाचा अन्न परवाना क्रमांक असला पाहिजे. कित्येक डब्यांतल्या पावडरीत शुद्ध रंगाबरोबर मीठ किंवा तत्सम पूरक पदार्थ असतो, तेव्हा शुद्ध रंगाची टक्केवारीही पाहावी.

आता प्रमाण. एका किलो तयार लाडवांत शुद्ध रंग जास्तीत जास्त १०० मिलीग्रॅम, म्हणजे एक दशांश ग्रॅम. हाताची चिमूट सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते. तेव्हा अंदाजाने रंग घालणारा माणूस प्रामाणिक असूनही मर्यादा ओलांडतो. उपाय सोपा आहे. सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा घेऊन एक ग्रॅम शुद्ध रंग (पावडर निम्मी शुद्ध असेल तर दोन ग्रॅम) मोजावा आणि तो १०० मिलीलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवावा. या पाण्याच्या १० मिलीलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम रंग असतो. औषधाच्या मापाने ५ मिलीलिटर घेतले, तर किलोभर लाडवांना मर्यादेच्या निम्माच रंग लागतो आणि बुंदी पुरेशी केशरी दिसते. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्यात संपवावे. पाव चमचा हळद आणि चार काड्या केशर यांवरही सुंदर पिवळे लाडू होतात. आपल्या गिऱ्हाइकांना एकदा तसे देऊन पाहावेत. आणि घरून ऑर्डरी घेत असलात, तरी अन्न नोंदणी आवश्यक आहे, ती ऑनलाइन होते.

प्रश्न (वेंगुर्ले) : जत्रेतल्या गाड्यांवरचे मंचुरियन इतके लाल कसे असते? गोव्यात त्यावर बंदी आली आहे हे खरे का?

उत्तर : मिरचीने आणि सॉसने तेवढी लाली येत नाही, ती रंगाची असते. गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, त्यात कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही दोन्ही कारणे होती. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर, आणि जूनमध्ये कबाब व माशांच्या पदार्थांतील कृत्रिम रंगावरही बंदी घातली. कर्नाटकात पदार्थ बंद झाला नाही, रंग बंद झाला. आपल्याकडे सुरमईच्या तुकडीला लावतात त्या लाल रंगाबद्दलही हेच लागू करावे. मच्छी ताजी असेल, तर तिला मसाल्यापलीकडे काही लागत नाही. गाडीवाल्याला ‘रंग नको’ असे सांगणारी दहा गिऱ्हाइके आली, तर तो रंग आणणे बंद करतो.

प्रश्न (अलिबाग) : अमेरिकेने २०२५ मध्ये एका लाल रंगाची मान्यता काढली. तो रंग आपल्याकडे चालू आहे का?

उत्तर : चालू आहे. तो रंग म्हणजे एरिथ्रोसिन, क्रमांक १२७, पाकातल्या चेरीचा तो चकचकीत गुलाबी-लाल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ जानेवारी २०२५ रोजी त्याची मान्यता मागे घेण्याचे जाहीर केले आणि उत्पादकांना अन्नासाठी जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. कारण कायदेशीर होते. प्राण्यांत किंवा माणसांत कर्करोग घडवणाऱ्या रंगाला मान्यता देता येत नाही असे कलम तिथे १९६० पासून आहे आणि या रंगाच्या मोठ्या मात्रेमुळे नर उंदरांच्या थायरॉइड ग्रंथीत गाठी झाल्याचे आढळले होते. ज्या संप्रेरकाच्या मार्गाने उंदरांत हे घडते, तसे माणसांत घडत असल्याचा पुरावा नाही, हेही त्याच प्रशासनाने सांगितले. सौंदर्यप्रसाधनांतून मात्र हाच रंग त्यांनी १९९० मध्येच काढला होता. खाण्यातून तो काढायला पस्तीस वर्षे लागावीत, हे समर्थनीय नाही.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. एरिथ्रोसिनचे रोजचे स्वीकारार्ह प्रमाण किलोमागे केवळ ०.१ मिलीग्रॅम आहे, म्हणजे टार्ट्राझिनच्या प्रमाणाचा शंभरावा भाग. पंधरा किलोच्या मुलासाठी ते दीड मिलीग्रॅम होते. एखाद्या पदार्थाच्या किलोत हा रंग ५० मिलीग्रॅम असेल, तर त्याचे ३० ग्रॅम, म्हणजे केकचा एक लहान तुकडा, पुरतो. युरोपात म्हणूनच तो चेरीच्या काही प्रकारांपुरता ठेवला आहे. भारतातही तसे व्हावे. तोपर्यंत मुलांच्या केकवरची चेरी आणि लाल टूटीफ्रूटी बाजूला काढून ठेवणे आपल्या हातात आहे.

प्रश्न (गुहागर) : संशय आला, तर तक्रार कुठे करावी? साध्या ग्राहकाच्या तक्रारीवर तपासणी होते का?

उत्तर : जिल्ह्याच्या ठिकाणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय असते, तिथे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. दुकानाचे नाव, तारीख, बिल, वेष्टनाचा फोटो आणि बॅच क्रमांक जोडावा. बिल नसेल, तर तक्रार लंगडी पडते, म्हणून सरबताची एक बाटली घेतली तरी बिल मागावे.

फारशी माहीत नसलेली एक तरतूद सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक आपण विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच, आपण हा पदार्थ तपासणीला देणार आहोत असे विक्रेत्याला सांगावे लागते. अहवालात पदार्थ कायद्याविरुद्ध ठरला, तर भरलेले शुल्क परत मिळते. एकट्याला हा व्याप वाटेल. ग्रामपंचायत, शाळेची पालक समिती किंवा महिला मंडळाने जत्रेच्या आणि गणपतीच्या आधी दोन-तीन नमुने असे दिले, तर खर्च वाटला जातो आणि अहवाल गावाच्या फलकावर लावता येतो.